शनिवार-रविवारचा कायरोप्रॅक्टर

«मॅडम, मी बडोद्याची. बी.पी.टी. म्हणजे फिजिओथेरपीची पदवी केली, लग्नाआधी एका हॉस्पिटलात नोकरी केली आणि आता कारेलीबागेत माझं स्वतःचं छोटं क्लिनिक आहे. पेशंट बऱ्यापैकी येतात. पण गेल्या वर्षी आमच्याच रस्त्यावर एकाने 'कायरोप्रॅक्टर' असा बोर्ड लावला, म्हणजे झटका देऊन मान-पाठ कडकन वाजवून देणारा. तोही माझ्यासारखाच फिजिओ, फक्त दोन दिवसांचा कोर्स केलेला. त्याच्या रील्स लाखो लोक बघतात आणि एका सिटिंगचे तो माझ्या चौपट घेतो. आता पेशंट मलाच विचारतात, 'बेन, तमे टचाका नथी फोडता?' म्हणजे तुम्ही तशी कडकड नाही का करत? पुढच्या महिन्यात अलकापुरीतल्या एका हॉटेलात शनिवार-रविवार सेमिनार आहे. फी ३५ हजार, शेवटी 'सर्टिफाइड कायरोप्रॅक्टर' असं प्रमाणपत्र. पाच हजार भरून मी जागा धरून ठेवली आहे. सासरे म्हणतात, एफडी मोडू, पण बोर्डावर ते नाव लागू दे. नवरा म्हणतो, तुला पटेल ते कर. मला धड हो म्हणवत नाही, धड नाही म्हणवत नाही. आणि खरं सांगू का, मला ते शिकायचंही आहे. हाताने करायचं काम मला आवडतं. काय करू?»
— क., बडोदा

प्रिय क.,

तुझ्या पत्रात सासरे आहेत, नवरा आहे, रस्त्यावरचा बोर्डवाला आहे, पेशंट आहेत आणि अगदी शेवटी, जाता जाता म्हणावं तसं, 'मला ते शिकायचंही आहे' हे वाक्य आहे. मी तेच धरून बोलणार आहे. बोर्डावर काय लिहायचं हा एक प्रश्न आणि हात कसा तयार करायचा हा दुसरा. पहिल्याला माझं उत्तर 'नको' असं आहे, दुसऱ्याला 'जरूर'. या सेमिनारवाल्यांनी दोन्हींची मोट बांधून एकच फी लावली आहे, म्हणून तुझी अशी कुचंबणा झाली आहे.

आधी हे शनिवार-रविवारचं प्रकरण आलं कुठून ते सांगते, कारण बरंचसं उत्तर त्यातच आहे.

कायरोप्रॅक्टिकचा जन्म अमेरिकेतला. १८९५ साली आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावात डी. डी. पामर नावाच्या गृहस्थाने, जो तोवर लोहचुंबकी उपचार करायचा, हार्वे लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला पुन्हा ऐकू यायला लागलं, अशी ती जन्मकथा. कानाचा आणि पाठीच्या मणक्याचा असा संबंध शरीरशास्त्रात काही लागत नाही. पण आपण हसायचं कारण नाही. पायाळू माणसाने पाठीत हलकी लाथ मारली की भरलेली चमक उतरते, हे आपल्याकडे शिकलीसवरलेली माणसंही म्हणतात. माझी एक आत्या पायाळू होती, तिला लोक त्यासाठी घरून बोलावून न्यायचे. आणि बडोद्याला तर हाडवैद्यकीचं वावडं कधीच नव्हतं. जुम्मादादा व्यायाम मंदिरातले राजरत्न प्रो. माणिकराव जेवढे व्यायामासाठी ओळखले जायचे तेवढेच निखळलेले सांधे आणि मोडलेली हाडं बसवण्यासाठी. तुझ्या सासऱ्यांच्या पिढीने हे घरात ऐकलेलं असणार. फक्त आखाड्यात हाड बसवायला शिकणारा पोरगा आधी बरीच वर्षं उस्तादाच्या शेजारी बसून नुसतं बघायचा, हे त्यांना विसरायला झालं असेल तर आठवण करून दे.

पामरने १८९७ मध्ये शाळा काढली. त्या काळचे कोर्स आखूडच होते आणि त्यावरून डॉक्टरमंडळींशी त्यांची भांडणं कोर्टापर्यंत गेली. पुढे हळूहळू एकेका राज्याने परवाना सक्तीचा केला: कॅन्ससने सगळ्यात आधी, १९१३ मध्ये आणि लुइझियानाने सगळ्यात शेवटी, १९७४ मध्ये. आज अमेरिकेत कायरोप्रॅक्टर व्हायचं तर कॉलेजच्या शिक्षणावर साधारण चार वर्षांची वेगळी डिग्री लागते, राष्ट्रीय मंडळाच्या परीक्षा लागतात आणि राज्याचा परवाना लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये या शिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात पूर्ण शिक्षणासाठी किमान ४२०० तास सांगितले आहेत, त्यातले हजार तास कुणाच्या तरी देखरेखीखाली प्रत्यक्ष पेशंटवर. आणि हे तुझ्यासाठी महत्त्वाचं: ज्यांनी आधीच वैद्यकीय क्षेत्रातलं शिक्षण घेतलं आहे आणि ज्यांच्या देशात हा व्यवसाय अजून रुजलेला नाही, अशांसाठी मर्यादित शिक्षणाची एक सवलतीची वाट दिली आहे. तिथेही आकडा किमान १८०० तासांचा आहे आणि देखरेखीखालचे हजार तास त्यातही सुटलेले नाहीत.

अलकापुरीतल्या हॉटेलात चहा-नाश्ता, उद्घाटन, फोटो आणि जेवण धरून दोन दिवसांत सोळा तास होतात. बाकीचा हिशेब तू कर.

मग तिकडे शनिवार-रविवारची सेमिनार्स नाहीत का? ढीगभर आहेत. पण ती कुणासाठी? परवाना टिकवायचा तर दरवर्षी ठरावीक तास नव्याने शिकावं लागतं म्हणून. कॅलिफोर्नियात वर्षाला २४ तास, फ्लोरिडात दोन वर्षांना ४०, ब्रिटनमध्ये तिथल्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलच्या नियमाने वर्षाला ३० तास. म्हणजे त्या हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाची डिग्री आधीच झालेली असते. तो शनिवारी एखादी नवी पद्धत बघायला येतो: गॉन्स्टेड, किंवा कॉक्सची कंबर ताणायची विशेष टेबलावरची रीत, किंवा हाताऐवजी छोट्या स्प्रिंगच्या उपकरणाने ठोका देणारी ॲक्टिव्हेटर पद्धत. किंवा एक्स-रे वाचन, नोंदी ठेवणं, कायद्याचे बदल. आपल्याकडे गायनशाळेत दहा वर्षं तालीम घेतलेली मुलगी दोन दिवसांच्या ठुमरीच्या कार्यशाळेला जाते ना, तसं ते. ज्याने तानपुरा लावलेला नाही त्याने त्याच दोन दिवसांनंतर 'ठुमरी गायक' असं कार्ड छापलं तर? इथे नेमकं तेच चाललं आहे. तिकडच्या उजळणीचं वेष्टन काढून इकडे ते अख्खं शिक्षण म्हणून विकतात.

आणि सगळी तिकडची सेमिनार्स साजूक असतात असंही समजू नकोस. प्रॅक्टिस कशी वाढवायची, पेशंटला पंचवीस सिटिंगचं पॅकेज कसं पटवायचं, यावर भर देणारा एक मोठा पंथ तिकडेही आहे आणि त्यांच्यातलेच शहाणे लोक त्यावर टीका करत आले आहेत. तुझ्या माहितीपत्रकात 'मार्केटिंग व रील मेकिंग' असं एक सत्र असेल, अशी माझी पैज. नसलं तर मी हरले.

आता विद्येबद्दल. मॅनिप्युलेशन म्हणजे झटक्याने, अगदी थोड्या अंतरात सांधा हलवणं. त्याला मी थोतांड म्हणत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये कंबरदुखीसाठी औषधांआधी करून बघायच्या उपायांत त्याला जागा दिली आहे. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस संस्थेने २०१६ मध्ये म्हटलं आहे की करायचं तर व्यायामाच्या जोडीने करा, एकटं नको. म्हणजे मध्यम ताकदीचं, योग्य पेशंटला उपयोगी पडणारं एक हत्यार. तुझ्या टेबलावर ते असायला माझी काही हरकत नाही. पण जो आवाज ऐकून लोक रील थांबवून बघतात, तो 'सरकलेलं हाड जागेवर आल्याचा' नसतो. सांध्याच्या पाण्यात पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या मंडळींनी २०१५ मध्ये एमआरआयखाली बोटं मोडून ते टिपलं आहे. आवाज आला म्हणजे उपचार झाला आणि नाही आला म्हणजे फुकट गेला, असं काही नाही. हे पेशंटला सांगायला कठीण जातं, मला मान्य आहे. पण निदान आपल्याला तरी माहीत असावं.

मग सोळा तासांत काय शिकवता येत नाही? झटका मारायची रीत कदाचित येईलही. तू फिजिओ आहेस, तुझ्या हाताला सांधे ओळखीचे आहेत. येत नाही ते कुणाला हात लावायचा नाही, हे.

पादरा गावाकडचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. चोवीस-पंचवीसचा, कारखान्यात कामाला. पाठ दुखून महिना-दीड महिना झालेला. दोन ठिकाणी कडकड करून घेतलेली, दोन्हीकडे चार दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच. शर्ट काढायला सांगितलं तेव्हा मला त्याचा पट्टा दिसला. पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं एक नवं भोक होतं, कडा अजून खरखरीत, आणि जुन्या भोकाजवळची घडी त्याच्या पोटापासून चांगली तीन बोटं लांब गेली होती. विचारल्यावर म्हणाला, हो, भूक नाही हल्ली; संध्याकाळी अंग मोडून येतं. पाठीच्या कण्यावरून मूठ हलकेच ठोकत खाली आले. दहाव्या मणक्यावर तो असा दचकला की त्याचा हात मागे माझ्या मनगटाला येऊन लागला. बोट फिरवलं तर तिथे जरासा उंचवटा. मी त्याला काहीही केलं नाही. टेबलावरून उतरवलं, पाठीला आधार बांधला आणि चिठ्ठी देऊन सयाजी हॉस्पिटलात पाठवलं. एमआरआयमध्ये दोन मणके टीबीने पोखरलेले निघाले, मध्ये पू. वर्षभर गोळ्या घेऊन पोरगा बरा झाला. तिसऱ्या झटक्याला पायांची ताकद गेली असती तर काय, हे तू आणि मी सांगायला नको. आधी कुणी कडकड केली ते मी विचारलं नाही. त्या दोघांनाही कोणत्याशा हॉलमध्ये रेड फ्लॅगची, म्हणजे धोक्याच्या खुणांची, स्लाइड दाखवली गेलीच असेल, जेवणाआधी, घाईघाईत.

यात आणखी एक मेख आहे. तिकडून आणलेल्या स्लाइडवर कॅन्सर असतो, ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडांचा ठिसूळपणा असतो, टीबी तळाशी कुठे तरी. तो त्यांच्याकडे दुर्मीळ. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. बडोद्यात पाठदुखीवाल्या माणसाला वजन, ताप, रात्रीचं दुखणं, घाम आणि घरातला खोकला विचारल्याशिवाय हात लावणाऱ्याला मी माझ्या दारात उभं करणार नाही, मग त्याच्याकडे प्रमाणपत्र कोणत्याही देशाचं असो. त्याच्याच जोडीने लघवी-शौचाच्या संवेदनेत काही बदल, मांड्यांच्या आतल्या भागात बधिरपणा, अलीकडची पडझड, बरीच वर्षं घेतलेले स्टेरॉइड, पूर्वीचा कॅन्सर. तुला हे कॉलेजात शिकवलं आहे. वही काढ, पुन्हा वाच. ते फुकट आहे.

मानेचं तर वेगळंच. उत्तरायणानंतरचा आठवडा तू अनुभवला असशील: दोन दिवस गच्चीवर मान वर करून पतंग उडवलेले लोक दाराशी रांग लावतात आणि एकच म्हणतात, 'बेन, एक टचाको फोडी आपो ने.' त्यातले शंभरातले बहुतेक नुसते स्नायू आखडलेले असतात; शेक, हलका हात आणि दोन व्यायाम दिले की चार दिवसांत गाडी रुळावर. पण मणक्यांच्या बाजूच्या भोकांतून वर मेंदूकडे जाणाऱ्या ज्या धमन्या आहेत त्यांचं आतलं अस्तर क्वचित फाटतं. हे फाटणं सुरुवातीला कसं दिसतं माहीत आहे ना? मान दुखते आणि डोकं दुखतं. म्हणजे अगदी त्याच तक्रारी, ज्या घेऊन माणूस आपल्याकडे येतो. अशा मानेला झटका बसला आणि गुठळी सुटली तर पक्षाघात. हे दुर्मीळ आहे, खूप दुर्मीळ, पण झालं तर परत फिरवता येत नाही. म्हणून चक्कर, एकाच्या दोन दिसणं, जीभ अडखळणं, गिळताना त्रास, अचानक कोसळणं, चेहरा बधिर होणं, 'असं डोकं आयुष्यात दुखलं नव्हतं' असं म्हणणं, यातलं एक जरी असलं तरी हात मागे. मी तर नव्या माणसाला मानेचा झटका अगदी शेवटी, इतर सगळं येऊ लागल्यावर, शिकायला सांगते. आणि बरेचजण तो शिकतच नाहीत. त्यांचं काही अडलेलं मी पाहिलेलं नाही.

इथे सेमिनारमधली एक गोष्ट सांगून ठेवते, जी माहितीपत्रकात कधी नसते. तिथे पेशंट नसतात. तीस-चाळीस शिकाऊ माणसं एकमेकांवरच सराव करतात. म्हणजे दुपारपर्यंत तुझी स्वतःची मान, आदल्या दिवसापर्यंत जिममध्ये ट्रेनर असलेल्या कुणा अनोळखी हातांनी, पाच-सहा वेळा फिरवून झालेली असते. मान देणार नाही, असं स्पष्ट म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे. ते ऐकून शिकवणाऱ्याचं तोंड वाकडं झालं तर त्या शिकवण्याची किंमत तुला तिथेच कळेल.

तर शिकायचं कसं. फिजिओथेरपीच्या आतच हाताच्या विद्येची भक्कम घराणी आहेत. ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंडची पद्धत, न्यूझीलंडच्या ब्रायन मलिगनची, तिथल्याच रॉबिन मॅकेन्झीची. मेटलंडच्या चार ग्रेड, म्हणजे सांधा हलवण्याच्या चढत्या पायऱ्या, तू परीक्षेपुरत्या पाठ केल्या असशील. पाचवी ग्रेड म्हणजेच हा झटका. लक्षात आलं? जे तुला 'कायरो' म्हणून विकलं जातंय त्याची हातातली रीत बरीचशी तुझ्याच शास्त्राच्या पुस्तकात आहे, फक्त पहिल्या चार पायऱ्या चढल्यावर. या पद्धतींचे अधिकृत कोर्स भारतातल्या शहरांमध्ये होत असतात आणि ते टप्प्याटप्प्याने असतात. मॅकेन्झीचे ए, बी, सी, डी असे भाग आहेत, मध्ये पेशंटवर काम करून परत जायचं असतं. तीच मला सगळ्यात पटलेली गोष्ट. शनिवारी शिकलेलं सोमवारी पेशंटवर अडतं आणि ते अडलेलं घेऊन जायला पुढचा टप्पा असतो. एका झटक्यात संपणाऱ्या कोर्सला हा सोमवार नसतोच.

दरम्यान घरी कर. टोरांटोच्या कायरोप्रॅक्टिक कॉलेजात विद्यार्थ्यांना जोर मोजणाऱ्या टेबलावर सराव देतात, हाताने किती बळ आणि किती वेगात दिलं ते पडद्यावर उमटतं. आपल्याकडे बाथरूममधला वजनकाटा आहे. जमिनीवर ठेव, तळहाताची टाच त्यावर टेकव आणि पाच किलोवर हात स्थिर धर, मग दहा, मग पंधरा. डोळे मिटून सांग किती, उघडून बघ. पहिले काही दिवस अंदाज चांगलाच चुकेल. झटक्याआधी सांध्यातली ढील संपेपर्यंत हात आत नेऊन थांबणं, यात सगळी कला आहे आणि रीलमध्ये नेमकं तेच कुणाला दिसत नाही. त्याच्या जोडीला एखाद्या जुन्या, हाताने काम करणाऱ्या फिजिओच्या क्लिनिकात आठवड्यातून एक दुपार जाऊन उभी राहा. मानधन मागू नकोस, फक्त विचार, 'सर, याला तुम्ही का नाही केलं?' त्याला का केलं हे कुणीही सांगतं.

तुला खरोखर कायरोप्रॅक्टरच व्हायचं असेल, तर तीही एक सरळ वाट आहे: पूर्ण डिग्री. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि आपल्या जवळ म्हटलं तर क्वालालंपूरचं आयएमयू युनिव्हर्सिटी (पूर्वीचं इंटरनॅशनल मेडिकल युनिव्हर्सिटी), जिथे हा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. तुझ्या पत्रातून मला ती ओढ दिसली नाही, म्हणून इथेच थांबते.

बोर्डाचं आता. भारतात कायरोप्रॅक्टरची नोंदणी करणारं वेगळं कौन्सिल नाही. म्हणजे ते नाव कुणीही लावू शकतो आणि कुणाचंच त्याला संरक्षणही नाही. तुझी डिग्री मात्र कायद्यात आहे: गुजरात स्टेट कौन्सिल फॉर फिजिओथेरपी आहे, केंद्राचा २०२१ चा संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा आहे आणि त्यात फिजिओथेरपीला स्वतःची जागा आहे. चार-साडेचार वर्षं खपून मिळवलेलं नाव दुय्यम ओळीत टाकून सोळा तासांचं वर लिहायचं, हा कुठला व्यवहार? उद्या एखाद्या पेशंटचं काही बिघडलं आणि ग्राहक आयोगात प्रश्न आला, 'तुम्ही स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवता, कुठे शिकलात?' तर हॉटेलचं नाव सांगावं लागेल. बोर्डावर ठसठशीत 'फिजिओथेरपिस्ट' लिही, खाली 'मॅन्युअल थेरपी'. गुजरातीत आणि मराठीतही. आणि व्यावसायिक विम्याची पॉलिसी असेल तर त्यात मॅनिप्युलेशन धरलं आहे का, ते कंपनीकडून लेखी मागून घे. नसेल पॉलिसी, तर ३५ हजारांतले पहिले पैसे तिकडे.

समोरच्याबद्दल तू फार लिहिलं नाहीस, बरं केलंस. तो चौपट घेतो याचा तुला राग आहे की तू कमी घेतेस याचा, हे एकदा स्वतःशी बघ. मला वाटतं, तुझी फी कमी आहे. पेशंटला मशीन लावून दुसऱ्याकडे जाण्याऐवजी तीस-चाळीस मिनिटं त्याच्यापाशी राहत असशील तर त्याचे पैसे वाढवून घे आणि वाढवताना ओशाळू नकोस. 'टचाका' मागणाऱ्याला भाषण नको. 'पहिले तपासवा दो, पछी नक्की करीए,' एवढंच म्हण आणि तपासणी अशी कर की त्याला आजवर कुणी इतकं नीट विचारलं नव्हतं असं वाटावं. काही जातील. रीलकडेच जातील. त्यातले काही परत येतील, तेव्हा त्यांना मागचं काढून टोचू नकोस.

सासऱ्यांशी मात्र नीट बोल. ते एफडी मोडायला तयार झाले हे मला फार आवडलं. सुनेच्या कामासाठी असं म्हणणारे सासरे अजूनही गल्लीत मोजकेच. त्यांना नाही म्हणताना त्यांचा पैसा नाकारतेय असं वाटू देऊ नकोस. सांग, 'बाबा, पैसे हवेत, पण वर्षभरात, टप्प्याटप्प्याने, आणि त्या कोर्सची नावं ही.' कागद समोर ठेव. त्यांना बोर्ड हवा आहे कारण सोसायटीत सांगायला काही तरी हवं आहे. मॅकेन्झीचं पहिलं प्रमाणपत्र आलं की फ्रेम करून त्यांच्याच हातून क्लिनिकात लाव.

राहिले पाच हजार. पैसे मागण्याआधी आयोजकांना व्हॉट्सॲपवर नव्हे, ईमेलने तीन गोष्टी विचार: प्रवेशाला किमान पात्रता काय, एका शिक्षकामागे किती शिकणारे, आणि 'सर्टिफाइड' म्हणजे कोणत्या संस्थेकडून, कोणत्या कायद्याखाली. उत्तर गोलमाल आलं किंवा 'मॅडम, कॉल करा ना' असं आलं, तर लगेच दुसऱ्या ईमेलने जागा रद्द करून परतावा मागायचा, पावती जोडायची आणि उत्तरासाठी पंधरा दिवस द्यायचे. कदाचित ते म्हणतील, परत नाही, पण पुढच्या बॅचला चालेल. तेही नको म्हण. आणि समजा उत्तरं चांगली आली, फक्त फिजिओ आणि डॉक्टरच घेतात, शिकवणारा खरा डिग्रीवाला आहे, प्रमाणपत्रावर 'उपस्थिती' एवढाच शब्द आहे, तर जा. कंबर आणि पाठीचं शीक, मान कुणाला देऊ नकोस, प्रमाणपत्र फाइलला लाव.